पंखा कोणाचं ऐकेल?

लॅपटॉपच्या पंख्याचा वेग सॉफ्टवेअरमधून आपल्या हाती घ्यावा की तो कारखान्यानं ठरवून दिला तसाच राहू द्यावा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण त्याच्या आड एक मोठा प्रश्न आहे : विकत घेतलेल्या वस्तूवर मालकाचा हक्क कुठवर चालतो आणि वस्तू बांधणाऱ्यानं घातलेली सुरक्षेची चौकट कुठे सुरू होते? दोन्ही बाजूंना वजनदार मुद्दे आहेत, म्हणून ते दोन काल्पनिक पात्रांच्या तोंडी घालू. भाची प्रोग्रामर आहे, लिनक्सवर काम करते आणि यंत्राच्या पोटात हात घालायला कचरत नाही. मामांची नोकरी रासायनिक कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागात झाली. कुठलंही यंत्र दिसलं की ते बिघडलं तर काय होईल, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. पात्रं रचलेली असली तरी ती ज्या यंत्रांबद्दल आणि घटनांबद्दल बोलतात त्या खऱ्या आहेत.

भाची : मामा, छताच्या पंख्याचा रेग्युलेटर भिंतीवर माझ्या हाताशी असतो. आज तीनवरच ठेव, असं सांगायला कंपनीचा माणूस येत नाही. मग पैसे मोजून घेतलेल्या लॅपटॉपमधला पंखा मला न विचारता का फिरतो? रात्री नुसतं वाचत बसलं तरी तो घोंगावतो, थांबतो, दोन मिनिटांनी पुन्हा घोंगावतो. थिंकपॅडवर लिनक्स असेल तर यावर सरळ उपाय आहे. थिंकपॅडसाठीचा ड्रायव्हर पंख्याला शून्य ते सात अशा पायऱ्या देतो, आणि ‘थिंकफॅन’ नावाचा छोटा प्रोग्राम तापमान बघून पायरी बदलत राहतो. चढायचं तापमान आणि उतरायचं तापमान मी वेगवेगळं लिहू शकते. समजा, ५५ अंशांना वरची पायरी घ्यायची, पण ४८ पर्यंत उतरल्याशिवाय खाली यायचं नाही. एवढ्या फरकानं पंख्याची ती सततची ये-जा थांबते. कारखान्यानं हा फरक नीट ठेवला नसेल, तर तो मी ठेवण्यात चूक काय?

मामा : छताचा पंखा तुला वारा घालतो. उकडायला लागलं की तुला कळतं आणि तू उठून बटण फिरवतेस. लॅपटॉपचा पंखा ज्याला वारा घालतो त्याला काय होतंय हे तुझ्या अंगाला कळत नाही. ते कळण्यासाठी आत एक वेगळी छोटी चिप बसवलेली असते, एम्बेडेड कंट्रोलर. कीबोर्ड, पॉवरचं बटण, बॅटरीचं चार्जिंग आणि पंखा ही कामं ती मुख्य प्रोसेसरपासून अलग राहून करते. ऑपरेटिंग सिस्टिम गोठली तरी ती जागी असते. आमच्याकडे कारखान्यात ऑपरेटरचा संगणक वेगळा आणि इंटरलॉक वेगळा असायचा, तो याच कारणासाठी. ऑपरेटरची स्क्रीन काळी पडली तरी दाब वाढल्यावर व्हॉल्व्ह बंद झालाच पाहिजे. तू इंटरलॉकचं काम ऑपरेटरच्या संगणकावर आणते आहेस. आणि हे फक्त माझंच म्हणणं नाही. तू सांगतेस त्याच ड्रायव्हरच्या माहितीपत्रात लिहिलंय की पंख्याचं नियंत्रण सुरक्षेच्या कारणास्तव मुळात बंद ठेवलं आहे. हवं असेल त्यानं ते मुद्दाम चालू करावं.

भाची : त्याच माहितीपत्रात उपायही दिलाय. ड्रायव्हरमध्ये एक पहारेकरी टायमर आहे. तो १ ते १२० सेकंदांमध्ये हवा तेवढा लावता येतो. तेवढ्या वेळात माझ्या प्रोग्रामकडून नवी आज्ञा आली नाही, म्हणजे तो बंद पडलाय असं समजून ड्रायव्हर पंखा परत सुरू करतो. तुमच्या इंटरलॉकचंच तत्त्व आहे हे.

मामा : तत्त्व तेच, जागा चुकलेली. तो पहारेकरी कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आत बसतो. तुझा प्रोग्राम मेला तर तो सावध होईल, पण कर्नलच गोठलं तर त्याच्याबरोबर पहारेकरीही गोठेल. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच घरात राहणारा पहारा अर्धाच असतो.

इथे दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणूनच पुढचा प्रश्न विचारावा लागतो : पंखा खरोखर थांबला तर होतं काय? याचं उत्तर गेल्या २५ वर्षांत बदललं आहे. २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’नं केलेल्या एका गाजलेल्या चाचणीत चालू संगणकाच्या प्रोसेसरवरून हीटसिंक काढून घेण्यात आला. तेव्हाचे एएमडीचे अ‍ॅथलॉन प्रोसेसर जळून गेले; इंटेलचा पेंटियम ४ मात्र वेग कमी करत चालत राहिला, कारण त्यानं स्वतःचं तापमान ओळखून स्वतःला आवरण्याची सोय चिपमध्येच होती. आज ही सोय सगळीकडे आहे. इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा बहुधा १०० अंशांच्या आसपास असते. ती गाठली की चिप आपला वेग छाटते, आणि तरीही तापमान चढत राहिलं तर वीजच तोडली जाते. म्हणजे ज्या अंतिम सुरक्षेची मामांना काळजी आहे, ती पंख्यावर अवलंबून राहिलेली नाही. ती सिलिकॉनमध्ये गेली आहे, आणि कुठलाही साधा पंखा-प्रोग्राम तिला हात लावू शकत नाही.

भाची : मग झालं तर! चिप जळणार नसेल तर भीती कशाची? आणि कारखान्यातले लोक चुकतच नाहीत असं थोडंच आहे? २०१८ साली मॅकबुक प्रो बाजारात आला, तेव्हा त्याचा सगळ्यात वरचा आय९ प्रोसेसर जास्त कामात अपेक्षेपेक्षा खूप मंदावत होता. फर्मवेअरमधली एक डिजिटल किल्ली राहून गेली होती आणि तिचा परिणाम उष्णतेच्या व्यवस्थेवर होत होता, असं अ‍ॅपलनं मान्य केलं आणि जुलैमध्ये दुरुस्ती पाठवली. तिथे कंपनीनं लगेच सुधारलं. पण पाच-सात वर्षं जुन्या लॅपटॉपसाठी फर्मवेअर सुधारून द्यायला कोण बसलंय? शिवाय हवामानाचा मुद्दा आहे. अ‍ॅपल सांगते की लॅपटॉप १० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो. कूलर नसलेल्या खोलीत दुपारी काम करणाऱ्यानं काय करायचं?

मामा : तिथे मी तुझ्या बाजूचा आहे, पण हिशेब नीट मांडू. चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक चिपच्या विजेमुळे झालेली वाढ. २५ अंशांच्या खोलीत एखाद्या कामाला चिप ६५ वर राहत असेल, तर वाढ ४० अंशांची झाली. तेच काम ४२ अंशांच्या खोलीत केलं आणि पंखा त्याच वेगानं फिरला, तर चिप ८२ च्या आसपास जाईल. पंखा लवकर आणि जोरात लावणं हा तिथे शहाणपणा आहे आणि तो हक्क तुला जरूर असावा. पण पंखा एसी नव्हे; ४२ अंशांच्या हवेनं काहीही ४२ च्या खाली येत नाही. आणि चिप वाचेल म्हणून सगळं वाचेल असं नाही. तिच्याभोवतीचे वीजपुरवठ्याचे भाग, कपॅसिटर, एसएसडी, आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे तळाशी चिकटून बसलेली लिथियम-आयन बॅटरी. उष्णतेत तिची क्षमता लवकर झिजते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दल आमच्या धंद्यात ठोकताळाच आहे की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. तुझा प्रोग्राम बहुतेक वेळा फक्त प्रोसेसरचं तापमान वाचतो. कंट्रोलरला इतर सेन्सरही दिसतात, आणि मांडीवर टेकणारा तळ किती तापू द्यायचा हे त्यानंच बघायचं असतं. गरम लॅपटॉप रोज मांडीवर घेऊन त्वचेवर जाळीसारखे डाग पडल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. प्रोसेसर ७० वर निवांत आहे म्हणून पंखा बंद ठेवणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

भाची : पण मला पंखा बंद ठेवायचाच नाहीये, मामा. मला आवाज कमी हवाय. वायुगतीचा नियम तुम्हीच शिकवला होता : वारा वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात, आणि आवाज त्याहूनही झपाट्यानं. पंखा ४५०० फेऱ्यांवरून ३००० वर आणला तर वारा एक तृतीयांशानं घटतो, पण आवाज साधारण ९ डेसिबलनं उतरतो. म्हणजे कानाला जवळजवळ निम्मा. एवढा फायदा मिळत असेल तर थोडी उष्णता मी सोसेन.

मामा : नियम बरोबर सांगितलास, पण निष्कर्ष अर्ध्यावर सोडलास. वारा एक तृतीयांशानं घटवलास, तर तेवढ्यानं बाहेर फेकायची उष्णताही घटव ना! ते तर पंख्याहून सोपं आहे. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाला वारंवारितेनं गुणून येते. वारंवारिता २० टक्क्यांनी कमी केली आणि तिच्यामुळे व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरलं, तर वीज ३५ टक्क्यांनी घटते. वेगाचा शेवटचा तुकडा सगळ्यात महाग असतो. टर्बो बूस्ट नावाचा तो तुकडा काढून टाकलास, तर पत्रं लिहिताना, वाचताना, ब्राउझर उघडताना तुला फारसा फरक जाणवणार नाही. पंख्याला मात्र विश्रांती मिळेल. विंडोजमध्ये लोक प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्क्यांवर ठेवतात, ते यासाठीच. बहुतेक इंटेल यंत्रांवर तेवढ्यानं टर्बो बंद होतो.

वादाचा गाभा इथे सापडतो. भाचीला हवी आहे शांतता, आणि त्यासाठी तिनं पंखा धरला. पण पंख्याचा आवाज हा परिणाम आहे, कारण आहे उष्णता. परिणामाला हात घातला तर उष्णता यंत्रात तशीच साचते. कारणाला हात घातला तर कारखान्याचा नियम न मोडताच पंखा आपोआप मंदावतो. हा भेद नवा नाही. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक आणलं, तेव्हाच थंड करण्याचे दोन मार्ग त्यात वेगळे नोंदले गेले होते : सक्रिय म्हणजे पंखा लावणं, आणि निष्क्रिय म्हणजे प्रोसेसरचा वेग उतरवणं. यातला कोणता आधी वापरायचा हे ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवलं होतं, आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ही निवड अनेक वर्षं दिसतही आली आहे. निष्क्रिय मार्ग कुठवर जातो याचा पुरावा २०२० साली बाजारात आला. एम१ चिपचा मॅकबुक एअर पंख्याशिवाय आला, आणि त्याच चिपचा १३ इंची मॅकबुक प्रो पंख्यासह. रोजच्या कामात दोघं जवळजवळ बरोबरीचे. दीर्घकाळ सलग भार टाकला की एअर मागे पडतो. म्हणजे चिप कमी तापणारी असेल, तर पंखा ही फक्त लांबलचक जड कामाची गरज उरते. निर्मात्यांनी दिलेल्या तयार प्रोफाइलही हेच करतात. डेलच्या ‘क्वायट’ प्रोफाइलमध्ये पंख्याबरोबर प्रोसेसरचा वेगही उतरवला जातो. लिनक्स कर्नलमध्ये २०२१ च्या ५.१२ आवृत्तीपासून अशा प्रोफाइल निवडण्यासाठी एक समान जागाच करून दिली आहे.

भाची : प्रोफाइल म्हणजे हॉटेलातली ठरलेली थाळी, तीन-चारांतून निवडा. मला माझ्या कामाचं गणित तुमच्या डेलपेक्षा चांगलं कळतं. व्हिडिओ रेंडर करताना मला पूर्ण वेग हवा आणि आवाज चालेल. रेकॉर्डिंग करताना २० मिनिटं आवाज मुळीच नको आणि वेग नसला तरी चालेल. आणि थिंकपॅड नसेल त्यांचं काय? त्यांच्यासाठी नोटबुक फॅन कंट्रोल आहे. प्रत्येक मॉडेलची फाइल कोणीतरी हौशीनं तपासून लिहिलेली असते आणि प्रोग्राम तिच्यातल्या पत्त्यावर आकडा लिहितो. तेवढंच.

मामा : ते ‘तेवढंच’ भीतीदायक आहे. तो आकडा जातो एम्बेडेड कंट्रोलरच्या २५६ बाइटांच्या जागेत. कुठल्या बाइटला पंखा आहे आणि कुठल्याला दुसरंच काही, हे निर्मात्यानं छापून दिलेलं नसतं. बॅटरीचं चार्जिंगही हाच कंट्रोलर बघतो, हे विसरू नकोस. नाव तेच पण आतला बोर्ड वेगळा, अशी यंत्रं कमी नाहीत. दुसऱ्या मॉडेलची फाइल लावून बघू, असा प्रयोग करायची ही जागा नव्हे. विंडोजवर तर आणखी एक अडचण. पोर्ट आणि प्रोसेसरचे रजिस्टर लिहायला कर्नलमधला ड्रायव्हर लागतो, आणि पंख्याच्या, तापमानाच्या कित्येक प्रोग्रामांनी ‘विनरिंग०’ हा एकच जुना ड्रायव्हर वापरला. त्यातला दोष २०२० मध्ये नोंदवला गेला : साधा प्रोग्रामही त्याच्या आधारानं यंत्राचा पूर्ण ताबा मिळवू शकत होता. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर त्याला धोकादायक म्हणून अडवू लागला आणि लोकांचे पंखा-प्रोग्राम अचानक बंद पडले. पंख्यासाठी उघडलेलं दार चोरालाही उघडंच होतं.

भाची : दोष त्या ड्रायव्हरचा, माझ्या हक्काचा नव्हे. निर्मात्यांनी रीतसर दार दिलं असतं तर लोकांनी भिंत फोडली नसती. फ्रेमवर्क कंपनीच्या लॅपटॉपमधल्या कंट्रोलरचं फर्मवेअर गूगलच्या क्रोमबुकसाठी लिहिलेल्या खुल्या फर्मवेअरवर उभं आहे आणि त्याचा कोड सगळ्यांना वाचता येतो. पंख्याचा वेग ठरवायला तिथे रीतसर आज्ञा आहे आणि परत स्वयंचलितवर सोडायलाही आहे. सिस्टम७६ कंपनीनंही कंट्रोलरचं फर्मवेअर खुलं ठेवलंय. आकाश कोसळलं का?

मामा : नाही कोसळलं. आणि म्हणूनच मी आता ‘हात लावू नका’ असं म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की कोणत्या दिशेनं हात लावायचा, ते ठरव. जुन्या मॅकसाठीचा एसएमसी फॅन कंट्रोल मला आवडतो. पंख्याचा किमान वेग त्यात वाढवता येतो, पण अ‍ॅपलनं ठरवलेल्या किमानाच्या खाली नेता येत नाही. वर जायला मोकळीक, खाली जायला अडसर. वेग वाढवण्यात चूक झाली तर काय होईल? थोडा आवाज, थोडी वीज, बेअरिंगची थोडी झीज, जाळीत थोडी जास्त धूळ. कमी करण्यात चूक झाली तर तिची किंमत बॅटरी भरते, आणि ते तुला वर्षभरानं कळतं.

मामांचा हा शेवटचा मुद्दा मला या संपूर्ण वादाचा निकाल वाटतो. वर आणि खाली या दोन दिशांना सारखंच स्वातंत्र्य देणं चुकीचं आहे, कारण चुकांची किंमत सारखी नाही. भाचीचा एक आक्षेप मात्र उरतोच : मालक प्रौढ आहे, बॅटरी त्याची आहे, ती लवकर झिजवायची की नाही हेही त्यानंच ठरवावं. हा आक्षेप मान्य करायला हरकत नाही, पण एका अटीवर. मालकाला ती किंमत दिसली पाहिजे. आज ती दिसत नाही. प्रोग्रामच्या खिडकीत फक्त प्रोसेसरचं तापमान आणि पंख्याच्या फेऱ्या झळकतात, बॅटरीचं आणि तळाचं तापमान क्वचितच. माहितीशिवाय दिलेली संमती ही संमती नव्हे. तेव्हा जबाबदारी फिरून निर्मात्याकडे येते : कंट्रोलरला जे सेन्सर दिसतात ते सगळे मालकाला दाखवावेत, पंख्यासाठी छापील आणि रीतसर आज्ञा द्याव्यात, पहारेकरी टायमर कर्नलमध्ये न ठेवता कंट्रोलरमध्येच ठेवावा, आणि ज्या तापमानाला मालकाची आज्ञा बाजूला सारून पंखा लागेल ते तापमान उघड सांगावं. असं केलं तर भाचीचा हक्क आणि मामांचा इंटरलॉक एकाच यंत्रात सुखानं नांदतात. कोणत्या तापमानाला किती वेग, ही वक्ररेषा भाचीनं लिहावी, पण तिच्याखालचा तळ कंट्रोलरच्या ताब्यात असावा.

निर्माते हे करतील तेव्हा करतील. तोवर मालकासाठी क्रम स्पष्ट आहे. आधी हीटसिंकच्या पात्यांपुढे साचलेला धुळीचा थर काढावा. तो असताना कुठलाही प्रोग्राम व्यर्थ आहे. मग टर्बो आणि वीजमर्यादा उतरवून उष्णताच कमी करावी. मात्र हे व्होल्टेज हातानं उतरवून करू नये. २०१९ च्या ‘प्लंडरव्होल्ट’ संशोधनात व्होल्टेजच्याच वाटेनं इंटेलच्या सुरक्षित कप्प्यात शिरता येतं असं दिसलं आणि ती वाट पुढे अनेक यंत्रांवर बंद करण्यात आली. त्यानंतर निर्मात्याचं शांत प्रोफाइल वापरून बघावं. उन्हाळ्यात वेग वाढवावासा वाटला तर खुशाल वाढवावा. वेग कमी करण्याचा पर्याय सगळ्यात शेवटी, तोही आपल्याच मॉडेलसाठी तपासलेल्या साधनानं, पहारेकरी टायमर चालू ठेवून. या क्रमानं जाणाऱ्या बहुतेकांना शेवटच्या पायरीची गरजच उरत नाही, कारण त्यांना हवी होती ती शांतता दुसऱ्याच पायरीवर मिळालेली असते.